डोंगराच्या पायातला वाळा

ओळीतला ठोंब उपटायचा नाही, हा नियम आंबेखोलात मीच सगळ्यांच्या गळी उतरवला होता. शाळेच्या भिंतीवरची पाटीही माझ्याच हातची: 'वाळ्याला हात लावू नका. वाळा आपल्याला हात देईल.' दुसरं वाक्य सुचलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आंबेखोल म्हणजे एकोणीस उंबरे आणि त्रेसष्ट माणसं. सावित्रीच्या खोऱ्यात, वर डोंगर, खाली भातखाचरं, मध्ये आम्ही. लग्न होऊन आले तेव्हा डोंगर मला नुसता हिरवा दिसायचा. रेवा झाली आणि तो वजनदार दिसायला लागला. आमच्या परसामागे उतारावर एक भेग होती. रेवाचं वजन आणि उंची ज्या वहीत लिहायचे त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी भेगेची रुंदी लिहायचे. माझा नवरा नितेश महाड आगारात विजेची एसटी चालवतो, आठवड्यातून दोनदा घरी येतो. वही बघून म्हणाला, "विनया, पोरीपेक्षा भेगच जास्त मोजतेस तू."

"पोरगी वाढली तर बरंच आहे. भेग वाढली तर?"

त्याने वही मिटून ठेवली. शेजारच्या खोऱ्यात एक वाडी डोंगराखाली गेली होती, तेव्हा तो दहावीत होता. त्याचे दोन वर्गमित्र त्या वाडीतले.

म्हणून डॉ. परवीन हुर्जूक पहिल्यांदा वाडीत आल्या तेव्हा रेवाला कडेवर घेऊन मी सगळ्यांत पुढे बसले होते. किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रातून त्या आल्या होत्या. पायात गुडघ्यापर्यंत बूट, आवाज शाळेतल्या बाईंसारखा.

"या डोंगराला वाळा लावायचा आहे," त्या म्हणाल्या.

धाकूतात्या सकपाळ वाडीतले सगळ्यांत वयस्क, आणि सगळ्यांत आधी बोलणारे. "डोंगराच्या पायात वाळा? घालू की. पण मॅडम, माप कोण घेणार?"

बायका पदराआड हसल्या. मी उठून सांगितलं, पायातला नाही हो तात्या, माठात घालतो ते सुगंधी मूळ. त्याचं गवत.

"मग तसं बोला. मी म्हटलं, डोंगराचं बारसं कधी ठेवलंय."

मॅडमही हसल्या. पण तो शब्द तिथून जो चिकटला तो चिकटलाच. आमच्याकडे कुणी गवत लावलं असं म्हणत नाही, डोंगराच्या पायात वाळा घातला असंच म्हणतात.

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र असूनही वाळ्याबद्दल मला दोन ओळींपलीकडे माहीत नव्हतं. तो बारमाही. एकदा लावला की पंचवीस-तीस वर्षं जागा सोडत नाही. आम्ही लावला त्या जातीला बी धरत नाही, त्यामुळे ती रान माजवत नाही; जिथे लावाल तिथेच राहते. वर पानं छातीएवढी, पण खरा वाळा जमिनीखाली. इतर गवतांची मुळं आडवी पसरतात, याची सरळ खाली उतरतात, दोन वर्षांत दोन पुरुष खोल. एकेक मूळ सुतळीएवढं, पण ताण सोसायची ताकद पोलादी तारेच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी. मॅडमनी एक मूळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तोड." माझ्याने तुटलं नाही. रेवाने ते तोंडात घातलं.

मॅडमचं स्वतःचं काम याच्या पुढचं. झाडाला जखम झाली की ते आतल्या आत विजेचा बारीक इशारा पानांकडे पाठवतं, हे जुनंच ज्ञान. मॅडमनी बारा वर्षं निवड करत वाळ्याची अशी जात काढली, की मुळांना नुसता ताण बसला तरी तो इशारा ठळक उमटतो. ठोंबाच्या बुडाशी कपड्यांच्या चिमट्याएवढं यंत्र लावायचं, ते इशारा ऐकतं. कुणी एखादं मूळ तोडलं तर उमटते किंकाळी, एकदम वर आणि एकदम खाली. डोंगर सरकायला लागला तर अख्खी ओळ एका वेळी कण्हते आणि ते कण्हणं चढत जातं. डोंगर एकाएकी कोसळला असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा त्याआधी तो आत कुठेतरी बोटभर सरकलेला असतो. माणसाला ते कळत नाही. वाळ्याला कळतं.

"म्हणजे हे गवत डोंगर धरून ठेवील?" मी विचारलं.

"वरची दोन-तीन मीटर माती धरेल. त्याखालून हलला तर नाही धरणार." मॅडम कधीच गोड बोलल्या नाहीत. "पण सांगेल."

मला तेवढंच हवं होतं. कुणीतरी सांगणारं.

रोपवाटिका माझ्याकडे आली. लावणीची पद्धत मी अजून झोपेतही सांगेन. जुना ठोंब खणून काढायचा आणि दोन-दोन, तीन-तीन फुटवे वेगळे करायचे. पानं वीतभर ठेवून छाटायची, मुळं चार बोटं ठेवून. मग शेणकाल्यात बुडवून लावायची. ओळ उताराला आडवी आणि पाणसळीत हवी, म्हणून तीन बांबूंची चौकट करून तिला ओळंबा टांगायचा आणि पावलापावलाला समपातळी काढत जायचं. दोन रोपांत पंजाभर अंतर, जास्त नाही. जिथे फट राहते तिथूनच पाणी घुसतं. म्हणून पहिले दोन महिने रोज फेरी मारून मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावायचं. याला आमच्याकडे नांग्या भरणं म्हणतात. दिवाळीनंतर गुडघ्याएवढं कापलं की फुटवे दुप्पट होतात. कापलेली पानं गोठ्यात अंथरायची.

दोन वर्षांत अकरा ओळी झाल्या. खालून बघितलं की डोंगरावर कुणी हिरव्या दोऱ्याने टाके घातल्यासारखे दिसायचे. भेगेची रुंदी तिथेच थांबली. मी वहीचं पान उलटलं.

धोक्याचा आवाज कसला ठेवायचा यावर मात्र शाळेत भांडण झालं. भोंगा नको, तो कारखान्याचा. घंटा नको, ती देवळाची. शेवटी माझ्या सासूबाई म्हणाल्या, "वाळा हाय ना? मग वाळ्यावानी वाजू दे." मॅडमनी तिथल्या तिथे रेवाच्या पायातल्या चांदीच्या वाळ्यांचा आवाज टिपला. तोच शंभरपट मोठा करून प्रत्येक घरातल्या पेटीत बसवला. घोटाळा नको म्हणून पावसाळाभर वाडीतल्या कुठल्याही बाळाच्या पायात वाळे घालायचे नाहीत असं ठरलं. तेव्हा वाडीत बाळ एकच होतं. रेवा कुठे गेली हे मी आवाजावरून ओळखायचे. आता डोळे लावून बसावं लागणार होतं. सोसलं.

मग तो जून आला. मिरग दोन दिवस बरसून गेला आणि पाठोपाठ असा उकाडा झाला की भिंतींना घाम फुटावा. रेवाच्या मानेवर घामोळं उठलं, त्याचे फोड झाले. तीन रात्री ती झोपली नाही, मीही नाही. डॉक्टरांचं मलम चालू होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "दोन मुळं आण वाळ्याची. त्या पाण्यानं पूस. तुझ्या नवऱ्याचं घामोळं मी त्यानंच घालवलं."

"आई, ओळीतला उपटायचा नाही."

"मग तुझ्या रोपांच्या बागेतला आण."

बागेतली रोपं चार महिन्यांची. त्यांच्या मुळांना अजून वासही धरला नव्हता. चांगला वाळा दीड वर्षाचा लागतो, आणि तो फक्त डोंगरावर होता.

संध्याकाळी पाचला मी खुरपं घेऊन अकराव्या, सगळ्यांत खालच्या ओळीशी गेले. एकच ठोंब, एवढ्या मोठ्या डोंगराला काय कळणार! चिमटा नसलेला बघून घेतला. निघता निघेना. अंगाला झटका देऊन ओढला तेव्हा आत काहीतरी तटातट तुटलं. मुळं ओढणीत गुंडाळून मी निम्मा उतार उतरले असेन, आणि वाडीतल्या एकोणीस घरांतून माझ्या मुलीचे वाळे वाजायला लागले.

ठोंब एकटा नव्हताच. त्याची मुळं शेजारच्यांच्या मुळांत गुंतलेली. मी एक ओढला, चौघे किंचाळले. मॅडमनी वाजण्याची मर्यादा मुद्दाम नाजूक ठेवली होती: "खोटा वाजला तर शिव्या खाऊ. वाजायचा राहिला तर काय खाणार?"

आणि नेमका तेव्हाच पाऊस सुरू झाला.

मी धावत घरी आले. आई रेवाला घोंगडीत घेऊन दारात उभ्याच होत्या. सगळी वाडी पलीकडच्या दांडावरच्या, म्हणजे डोंगराच्या उंच सोंडेवरच्या शाळेकडे निघाली, जसं आम्ही चार वेळा सराव करून ठरवलं होतं तसं. त्या रांगेच्या शेवटी धाकूतात्या आणि त्यांचा पुतण्या, मध्ये खुर्चीवर तात्यांची बायको, भागीकाकी. काकींचं अंग डाव्या बाजूने गेलेलं. प्लास्टिक घातलं होतं, तरी त्या चिंब भिजल्या.

शाळेच्या खोलीत त्रेसष्ट माणसं ओल्या कपड्यांनी बसली. मी मनात म्हणत होते, आता सांगते, आता सांगते. माझ्या ओढणीतून वाळ्याचा वास यायला लागला. ओल्या मुळाला तो जास्तच येतो. शेजारी बसलेल्या आईंनी नाक वर केलं, माझ्याकडे बघितलं, आणि घोंगडी माझ्या मांडीवर ओढली.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "विनया, अकरावी ओळ. फक्त चार ठोंब, तीव्र झटके. खणल्यासारखं वाटतंय. काय आहे तिथे?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"रानडुक्कर असेल, मॅडम," मी म्हणाले.

रेवाचं घामोळं चार दिवसांत उतरलं. भागीकाकींना न्युमोनिया झाला. आठ दिवस त्या महाडला दवाखान्यात होत्या आणि मी रोज एसटीने डबा पाठवत होते. तात्या म्हणायचे, "पोरगी सोन्यासारखी हाय. तिच्या गवतालाच अक्कल न्हाय. डुकरानं हलवला तरी वाजतो, असला वाळा काय कामाचा?"

मी ऐकून घ्यायचे. गवताची बदनामी होत होती आणि मी माठात पाणी भरत होते.

मॅडमनी त्या डुकराला फार मनावर घेतलं. तारेचं कुंपण घातलं, अंधारात बघणारे कॅमेरे लावले. सहा आठवड्यांत एक साळिंदर दिसलं, डुक्कर नाही. तरी वाडीचा विश्वास उडू नये म्हणून त्यांनी ठरवलं की वाळ्याची मर्यादा वाढवायची: लहानसहान ताणाला वाजायचं नाही, मोठा असेल तरच. मी हो म्हणाले. नवी मर्यादा सोमवारपासून लागू होणार होती.

त्याआधीच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता वाळा वाजला.

चार दिवस पाऊस कोसळून नुकता थांबला होता. लख्ख ऊन. लावणीची घाई, अर्धी वाडी खाचराकडे निघालेली. आवाज ऐकून एक-दोघं थांबली, कुणीतरी म्हणालं, "आलं बघा डुक्कर," आणि हशा झाला. मी फोनवर ओळींचे इशारे बघितले. तिसरी ओळ. चार ठोंब नव्हते, दोनशे होते. किंकाळी नव्हती. दोनशे रेघा एकमेकींचा हात धरून सावकाश वर चढत होत्या. असं चित्र मी फक्त मॅडमच्या प्रयोगशाळेत बघितलं होतं.

रेवाला आईंकडे दिलं आणि मी ओरडत सुटले. निम्मी माणसं हलली, निम्मी तात्यांकडे बघत राहिली. आमच्याकडे असंच आहे, तात्या उठले की वाडी उठते. तात्या ओटीवर काकींच्या खाटेजवळ बसले होते.

"तात्या, उठा. काकींना उचलू."

"ऊन बघ कसं पडलंय. जा, त्या डुकराला हाकल."

"डुक्कर नाही."

"मागल्या खेपेला तूच म्हणालीस डुक्कर. आता न्हाय म्हणतीस. एकदा हिला भिजवली, आता मी न्हाय उचलायचा."

अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. मागे आई, कडेवर रेवा, तिचे पाय मोकळे. वाळे मात्र घराघरांतून वाजत होते. डोंगराची भीती होतीच, पण त्या क्षणी मला जास्त भीती या ओटीची वाटत होती, हे खोटं कशाला सांगू.

"मागच्या वेळीही डुक्कर नव्हतं, तात्या. मी होते."

"काय?"

"रेवाला घामोळं झालं होतं. मी ओळीतला ठोंब उपटला. गवत खोटं बोललं नव्हतं. मी बोलले."

"मीच म्हटलं होतं तिला मुळं आण म्हणून," मागून आई ओरडल्या. "मलाबी ठावं होतं."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाटेकडे. "ही आठ दिस दवाखान्यात होती."

"हो."

"डबा तूच पाठवत होतीस."

"हो."

"म्हंजी वाळ्यानं तुला पकडलं होतं."

"हो तात्या. एका ठोंबावरून पकडलं. आता दोनशे वाजतायत."

खाटेवरून भागीकाकी अर्ध्या तोंडाने काहीतरी म्हणाल्या. तात्या वाकले, ऐकलं आणि उठले. "ती म्हणतीय, भांडण शाळेत जाऊन करा." त्यांनी खुर्ची ओढली. "तिकडनं धर. डुकरागत ताकद असंल ना तुझ्यात?"

मी धरली. तात्या उठले आणि वाडी उठली. खाचरातल्यांना पोरांनी शिट्ट्या मारून बोलावलं. गाई सोडल्या. ओढ्याचं पाणी गढूळ तांबडं झालं होतं, ऊन असूनही.

दांडावर पोचून मी माणसं मोजली. बासष्ट. पुन्हा मोजली. बासष्ट. तिसऱ्यांदा मोजायला लागले, तेव्हा आई म्हणाल्या, "स्वतःला मोज गो."

वाळा वाजल्यापासून पस्तीस मिनिटांनी डोंगर उतरला. आधी वरची झाडं उभ्याउभ्या चालायला लागली. मग तिसरी ओळ वाकडी झाली, ताणली गेली, आणि तिथून तांबडी माती फुटली. चौथी ओळ गेली. पाचवी गेली. सहाव्या-सातव्या ओळीशी तो लोंढा अडखळला, दोन्ही बाजूंना फाकला, धापा टाकल्यासारखा हळू झाला. शेवटी पाच घरं गेली, त्यात आमचं. देऊळ आणि तात्यांचं घर राहिलं. आमच्या पाचांपैकी कुणी रडलं, कुणी देवाला हात जोडले. मी मात्र त्या सातव्या ओळीकडे बघत होते. पानं मातीने माखलेली, अंगावर एवढा दगडगोटा, आणि ओळ उभी. माझ्या एका शब्दाने ज्याची वाडीभर छी-थू झाली, त्याने एकदाही आपलं काम अर्धवट केलं नव्हतं.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"कालच्या इशाऱ्यांचा चढ तपासला," त्या म्हणाल्या. "सोमवारची मर्यादा असती तर वाळा आणखी बत्तीस मिनिटांनी वाजला असता."

पस्तिसातून बत्तीस गेले. मी वजाबाकी केली. उरली तीन मिनिटं.

"आणि माझे सहा आठवडे डुकरांवर गेले," मॅडम म्हणाल्या. रागावल्या होत्या, पण चिखलातून हात धरून त्यांनीच मला पुढे नेलं. "चल. कोणते ठोंब जिवंत आहेत बघू."

जवळजवळ सगळेच होते. मातीच्या ढिगातून, दगडांखालून, उलटे-पालटे झालेले आम्ही गोळा केले. पानं वीतभर, मुळं चार बोटं, शेणकाल्यात बुडव आणि लाव. वाडीने मला काही शिक्षा केली नाही, म्हणजे एक केली: माझं नाव डुक्कर पडलं. "डुक्कर आली का वर?" "डुकराला विचारा, ओळ सरळ आहे का." नितेशला आगारातसुद्धा विचारतात, मिसेस कशा आहेत, कुंपणात आहेत ना.

शाळेची पाटी मी पुसून टाकली. गावाला मुळं लागतात, हे माहीत असून मी नुसतं नको म्हणत राहिले होते. आता शाळेमागे सपाटीवर एक बारावी ओळ आहे, चिमटे नसलेली. ती माठाची ओळ. तिच्यातून कुणीही, केव्हाही, न विचारता न्यायचं.

दिवाळी झाली, पाऊस सरला आणि वाळे घालायची बंदी उठली. आईंच्या बटव्यात होते म्हणून वाचलेले रेवाचे जुने वाळे तिच्या पायात चढेनात. मी ते घेऊन शाळेच्या पायरीवर बसले होते तेव्हा धाकूतात्या खुरपं घेऊन माठाच्या ओळीकडे चाललेले दिसले. पुतण्याला मुलगा झाला होता.

"डुकराची परवानगी हाय ना?"

"विचारायचं नाही म्हणून तर लावलीय, तात्या."

त्यांनी रेवाच्या पायांकडे बघितलं. कमरेची सुतळी सोडली, तिच्या घोट्याभोवती फिरवली आणि गाठ मारून खिशात टाकली. "डोंगराचं झालं. हिचं माप कोण घेणार मग?"

पुढच्या बाजाराला नवे वाळे आले. पायात घातल्याबरोबर रेवा छुमछुम करत ओळींच्या दिशेने धावत सुटली. खाचरात भात कापणारी सगळी माणसं एकदम ताठ झाली, हातातले विळे तसेच धरून वर बघायला लागली.

डोंगर गप्प होता.

मग कुणीतरी हसलं, आणि सगळे पुन्हा वाकले.